रस्ता कुणाच्या घरावरून जातो?

(वस्तीतल्या युवक अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलं आहे.)



पोरांनी मला विषय दिला होता 'शहराचा विकास आणि दलित'. मी म्हटलं, एवढा मोठा विषय माझ्या पिशवीत मावत नाही. मी रस्त्यावर बोलतो. तुमच्या वस्तीच्या उशाला जो हायवे आहे, ज्याच्या घरघरीत तुमची पोरं झोपतात, त्याच्यावर बोलतो. कारण येत्या महिन्यात तुमच्या दारावर सर्व्हेवाले येणार आहेत. घरांवर रंगानं नंबर पडणार आहेत. नंबर पडायच्या आधी बोललेलं बरं. नंतर बोलून मी स्वतः पस्तावलोय. ते शेवटी सांगतो.

आज मी पलीकडच्या स्टॉपवर बसमधून उतरलो. तुमची वस्ती समोर दिसत होती. विहारावरचा झेंडा दिसत होता. शंभर पावलं असतील. पण मधे हायवे. पूल कुठं म्हणून विचारलं तर एका बाईनं हात लांब केला, "तिकडं, लई लांब." तिथवर गेलो, चढलो, उतरलो, तेवढंच परत मागं आलो. पंचवीस मिनिटं गेली. तेवढ्यात हायवेवरची एखादी गाडी ठाण्याला पोचली असेल. माझं आजचं भाषण ह्याच हिशेबाचं आहे. रस्ता कुणाचा तरी वेळ वाचवतो, आणि तो वेळ दुसऱ्या कुणाच्या तरी अंगातून काढून घेतो. कुणाच्या अंगातून काढायचा हे अगोदर ठरतं. कागदावर रेघ पडते तेव्हाच ठरतं.

माझा बा जालन्याकडचा. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा तो विशीतला गडी होता. दुष्काळी कामावर त्यानं खडी फोडली. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात जवळपास ५० लाख माणसं अशा कामांवर होती. पाझर तलाव खणले, बांध घातले, आणि रस्ते केले. मैलोगणती रस्ते. उन्हात बसून हातोडीनं दगड फोडायचा, खडीचा ढीग लावायचा, मग साहेब येऊन मोजणार आणि मापात काटणार. बा सांगायचा, "आपल्या वस्तीला रस्ता न्हवता. आपुनच केला. आन त्याच रस्त्यानं गाव सोडलं."

ह्या वाक्यात आपला अख्खा इतिहास आहे, बघा. गावचा रस्ता वेशीपर्यंत रस्ता असतो आणि महारवाड्याकडं वळला की त्याची पाऊलवाट होते. वेसकर आपण. वाटसरूला वाट दाखवणारे आपण. सरकारी टपाल घेऊन पळणारे आपण. मेलेलं ढोर ओढून नेणारे आपण. गावाच्या सगळ्या वाटा आपल्या पायांना पाठ, आणि त्याच वाटांवर आपली सावली नको! पेशवाईत पुण्याच्या रस्त्यावर थुंकी पडू नये म्हणून गळ्यात मडकं, पावलाचा ठसा राहू नये म्हणून कमरेला झाडू. रस्ता म्हणजे नुसती माती आणि दगड, असं समजणाऱ्यानं जरा हे आठवावं.

म्हणून आपल्या माणसांच्या लढाया पाण्याच्या जशा आहेत तशा रस्त्याच्याही आहेत. १९२४ साली केरळात वायकोमला सत्याग्रह झाला तो देवळात शिरायसाठी नव्हता. देवळाभोवतीच्या सार्वजनिक रस्त्यावरून चालू द्या, एवढीच मागणी होती. महाडला २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांच्या मागं लोक निघाले ते आधी भर गावातून, बाजारातून चालले, आणि मग तळ्यावर गेले. चालणं हाच अर्धा सत्याग्रह होता. आणि पुढं घटना लिहिली गेली तेव्हा कलम १५ मध्ये काय आलं? विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते. सरकारी पैशातून राखलेल्या किंवा जनतेसाठी ठेवलेल्या ह्या जागी जातीवरून, धर्मावरून कुणाला अटकाव करता येणार नाही. रस्ते! तो शब्द तिथं उगीच पडलेला नाही. त्या एका शब्दामागं कमरेचा झाडू आहे.

आता कुणी म्हणेल, दादा, आता कोण अडवतंय रस्त्यावर? बरोबर. आता जात विचारून अडवत नाहीत. आता रस्ताच असा करतात की तुम्हाला तो ओलांडता येऊ नये.

बा मुंबईत आला. हायवेच्या कडेला चिखलात भराव टाकून त्यानं झोपडं घातलं. मी तिथंच जन्मलो. पाण्याचा नळ हायवेच्या पलीकडं. शाळा पलीकडं. दवाखाना, रेशन, सगळं पलीकडं. अलीकडं फक्त आम्ही आणि खाडीचे डास. माझी थोरली बहीण, अक्का म्हणायचो आम्ही तिला. पहाटे चारला नळ यायचा. माय धुण्याभांड्याला जाणार, म्हणून पाणी अक्कानं आणायचं. एक हंडा डोक्यावर, एक कळशी कमरेवर. १९८५ च्या पावसाळ्यात एका ट्रकनं तिला उडवली. चौदा वर्षांची होती. हंडा चेपून पार दुभाजकापाशी गेला होता, तो मी उचलून आणला. पंचनाम्यात लिहिलं, मयत बेसावधपणे रस्ता ओलांडत होती. डोक्यावर हंडा घेऊन भर रस्त्यात बेसावध कोण असतं हो?

वस्तीतल्या लोकांनी अर्ज केला. सह्या केल्या, अंगठे उठवले. सिग्नल द्या, नाहीतर पूल द्या, नाहीतर पाणी तरी अलीकडं द्या. एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. शेवटी एका साहेबानं बाला तोंडी सांगितलं की, हा द्रुतगती मार्ग आहे, इथं सिग्नल बसत नाही, वाहतुकीचा खोळंबा होतो. बा घरी येऊन मायला म्हणाला, "पोर मेली त्यो खोळंबा न्हाई. गाडी थांबली तर खोळंबा."

आता मी तुम्हाला जरा लांब नेतो. जिथून आपल्या पँथरचं नाव आलं तिथं. १९७२ साली मुंबईत दलित पँथर निघाली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन, हे तुम्हाला ठाऊक आहे. ब्लॅक पँथर निघाली १९६६ मध्ये, कॅलिफोर्नियात, ओकलंड गावात. बॉबी सील आणि ह्यूई न्यूटन ह्या दोघांनी काढली. काळी जाकिटं, काळ्या टोप्या, हातात बंदुका, हे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. पण त्यांच्या पहिल्या कामांतलं एक काम कुठलं, ठाऊक आहे? ट्रॅफिकचा सिग्नल! ओकलंडमध्ये मार्केट स्ट्रीट आणि ५५ वी स्ट्रीट जिथं मिळतात त्या चौकात सिग्नल नव्हता. शाळेची पोरं गाड्यांखाली सापडत होती. लोकांनी अर्ज केले, सह्या गोळा केल्या, नगरपालिका म्हणे बघू. तेव्हा ह्या पोरांनी ठरवलं की नगरपालिका गाड्या थांबवत नसेल तर आपण चौकात उभं राहून थांबवायच्या. १ ऑगस्ट १९६७ ला तिथं सिग्नल लागला.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक खाली ठेवून रडलो. मला माझा बा आठवला, त्याचा अर्ज आठवला. क्रांती म्हणजे काय, असं आपण अभ्यासवर्गात तासन् तास बोलतो. चौदा वर्षांच्या पोरीला पाणी घेऊन जिवंत घरी येता येणं, हीसुद्धा क्रांतीच आहे. तिची सुरुवात एका लाल दिव्यापासूनही होऊ शकते.

त्याच ओकलंडचं आणखी एक सांगतो. तिथं वेस्ट ओकलंड म्हणून काळ्या कामगारांची वस्ती. रेल्वेच्या झोपायच्या डब्यातले नोकर, गोदीतले कामगार. १९५७ मध्ये त्या वस्तीच्या मधोमध दुमजली हायवे बांधला, सायप्रस नावाच्या रस्त्यावरून. खालच्या मजल्यावरून एकीकडच्या गाड्या, वरच्यावरून दुसरीकडच्या. वस्तीचे दोन तुकडे झाले. घरं गेली, दुकानं गेली, आणि जे राहिले त्यांच्या खिडकीसमोर काँक्रीट आलं, नाकात धूर आला.

हे एकट्या ओकलंडचं नाही. अमेरिकेत १९५६ मध्ये हायवेचा कायदा झाला. ४१ हजार मैलांचे रस्ते बांधायचे, आणि खर्चाच्या शंभर डॉलरमधले नव्वद केंद्र सरकार देणार. मग प्रत्येक शहराला रस्ता पाहिजे झाला. तो न्यायचा कुठून? तर जमीन स्वस्त आहे तिथून. आणि स्वस्त कुठं? काळे राहतात तिथं. पण ती स्वस्त झाली कशी, ते नीट ऐका. त्याच्या वीस वर्षं आधी, १९३० नंतरच्या दशकात, त्यांच्याकडं सरकारच्या गृहकर्ज महामंडळानं शहरांचे नकाशे केले. काळ्यांच्या वस्त्या लाल रंगात रंगवल्या. लाल म्हणजे धोका, इथं पैसा गुंतवू नका. कर्ज नाही, म्हणून घरदुरुस्ती नाही. दुरुस्ती नाही, म्हणून भाव पडला. मग इंजिनियर येतो आणि म्हणतो, ही मोडकळीला आलेली वस्ती आहे, हिच्यावरून रस्ता गेला तर शहराचं भलंच होईल! आधी माणसाला नागवायचं, आणि मग म्हणायचं, बघा, ह्याच्या अंगावर कपडे नाहीत, ह्याला इथून हाकला.

सेंट पॉल गावात राँडो नावाची काळ्यांची वस्ती अशीच चिरली. डेट्रॉइटमध्ये हेस्टिंग्ज स्ट्रीट हा काळ्यांच्या दुकानांचा, गाण्याबजावण्याचा रस्ता होता, त्याच्यावर फ्रीवे आला. न्यू ऑर्लीन्समध्ये क्लेबोर्न अव्हेन्यूवर ओक झाडांच्या रांगा होत्या. त्यांच्या सावलीत काळे लोक सण करायचे, पोरं खेळायची. १९६६ मध्ये ती झाडं तोडली आणि वर पूल उभा केला. नंतर राजधानी वॉशिंग्टनमध्ये लोक उठले. त्यांची घोषणा होती की, काळ्यांच्या घरांतून गोऱ्यांचे रस्ते चालणार नाहीत. तिथले बरेच फ्रीवे रद्द झाले आणि त्यातला पैसा भुयारी रेल्वेकडं वळला. म्हणजे रेघ पुसता येते. आकाशातून पडलेली नसते ती.

आणि सायप्रसचं काय झालं? १७ ऑक्टोबर १९८९ च्या संध्याकाळी भूकंप झाला. वरचा मजला खालच्या मजल्यावर बसला. ४२ माणसं तिथं मेली. त्या वेळी आधी कोण धावलं? ज्यांच्या उरावर तो पूल बांधला होता तेच. वेस्ट ओकलंडचे लोक शिड्या घेऊन, दोर घेऊन वर चढले आणि गाड्यांतली माणसं बाहेर काढली. नंतर सरकार म्हणालं, तिथंच परत बांधतो. लोक म्हणाले, नाही. वर्षानुवर्षं भांडले. अखेर हायवे वस्तीला वळसा घालून रेल्वेच्या जमिनीवरून गेला, १९९७ मध्ये सुरू झाला. खर्च अब्ज डॉलरच्या वर गेला. आणि जुन्या हायवेच्या जागी झाडांचा रुंद रस्ता झाला, त्याचं नाव मंडेला पार्कवे. चाळीस वर्षं लागली, भूकंप लागला, ४२ जीव गेले, तेव्हा कुठं सरकारला कळलं की वळसा घालता येतो! वळसा पहिल्या दिवसापासून घालता येत होता, मित्रांनो.

आता मुंबईत परत येऊ. तिकडं लाल रेघ होती, आपल्याकडं शब्द आहे: अतिक्रमण.

ह्या शब्दाची करामत बघायची असेल तर फूटपाथवाल्यांच्या खटल्याचा निकाल बघा. १९८१ च्या भर पावसाळ्यात मुंबईतल्या फूटपाथवरच्या लोकांना, झोपडीवाल्यांना उचलून बसमध्ये कोंबून शहराबाहेर सोडायचा हुकूम निघाला. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. १९८५ साली निकाल लागला. पोट भरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्कातच येतो, असं कोर्टानं म्हटलं. आपले वकील ते वाक्य अजून सांगतात, आणि सांगावंच. पण त्याच निकालात झोपड्या काढायलाही मोकळीक मिळाली, फक्त पावसाळा जाऊ द्या, ३१ ऑक्टोबरपर्यंत थांबा. त्या खटल्यात विलेपार्ल्याची एक वस्ती होती, कामराज नगर, पश्चिम द्रुतगती मार्गाला लागून. घाटकोपरचं कामराज नगर वेगळं. ही वस्ती कुणाची? लोकांचं म्हणणं असं होतं की, १९६० च्या सुमाराला त्या हायवेच्या कडेनं पाण्याचे पाइप टाकायला जे मजूर आले त्यांनी ती वसवली. सरकारचं म्हणणं काय? ह्या झोपड्या हायवेच्या जोडरस्त्यावर आहेत, म्हणून काढा. पाइप टाकेपर्यंत मजूर, पाइप टाकून झाले की अतिक्रमण!

आणि पूर्वेचा हायवे? घाटकोपरचं रमाबाई आंबेडकर नगर त्याच्या कडेला आहे. ११ जुलै १९९७ ला पहाटे तिथं बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला. लोक बाहेर आले, हायवेवर बसले. राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला. १० माणसं मेली. नंतर सांगितलं गेलं की लोक हायवेवरचे गॅसचे टँकर पेटवणार होते. गुंडेवार आयोग बसला, त्यानं गोळीबाराला दोषच दिला. २००९ मध्ये सेशन्स कोर्टानं गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या फौजदाराला जन्मठेपही सुनावली. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. मला त्या दिवशी एक कळलं. हायवेवर अक्का मेली तेव्हा हायवे एक मिनिट थांबला नाही. आणि आपण हायवे थांबवला तेव्हा गोळी आली.

तेच रमाबाई नगर आता पुन्हा रस्त्याच्या वाटेत आहे. पूर्व मुक्त मार्ग २०१३ मध्ये सुरू झाला, तो छेडानगरपासून ठाण्यापर्यंत वाढवायचा ठरला. त्याच्या रेघेत तिथली काही घरं आली. त्याबरोबर रमाबाई नगर आणि कामराज नगर मिळून १६ हजारांवर झोपड्यांचा पुनर्विकास एमएमआरडीए आणि एसआरए ह्या दोन सरकारी संस्थांनी हातात घेतला. पक्की घरं मिळणार असतील तर मिळू देत, वाईट वाटण्याचं कारण नाही. आपल्या बायकांनी आणखी किती वर्षं संडासाच्या रांगेत उभं राहायचं? मी झोपडीचं कौतुक करणारा नाही. झोपडीचं कौतुक ज्यांना सुचतं ते झोपडीत राहत नाहीत. मी विचारतो एवढंच: यादीत कोण येणार, बाहेर कोण जाणार, आणि ते कोण ठरवणार?

नियम पाठ करून घ्या. १ जानेवारी २००० च्या आधीची झोपडी, कागद असेल तर घर फुकट. त्यानंतरची, १ जानेवारी २०११ पर्यंतची, तर अडीच लाख भरून घर. त्याच्यापुढची, तर हरी हरी. माळ्यावर राहणारा धरत नाहीत. भाडेकरूकडं स्वतःचा कागद नसतो, म्हणून तो नसल्यातच जमा. म्हणजे एका झोपडीत खाली एक कुटुंब, वर एक कुटुंब, तर कागदावर एकच. रेघ मारणाऱ्याच्या नकाशावर तुमची वस्ती आहे त्याच्यापेक्षा अर्धी दिसते. अर्ध्या वस्तीवरून रस्ता न्यायला त्याला अर्धीच लाज वाटते.

आता माझं सांगतो. मगाशी म्हटलं होतं शेवटी सांगतो.

आमची वस्ती वीसेक वर्षांपूर्वी रस्ता रुंदीकरणात गेली. मी कमिटीवर होतो. शिकलेला, चळवळीतला, बोलणारा, म्हणून लोकांनी मला पुढं केलं. माझ्या झोपडीला पोटमाळा होता. त्याच्यावर एक बाई राहायची, लातूरकडची. १९९३ च्या भूकंपात तिचं घर गेलं, नवरा गेला, दोन पोरं घेऊन मुंबईला आली. मी तिच्याकडून भाडं घ्यायचो. होय, घ्यायचो. सर्व्हेच्या आदल्या रात्री कुणीतरी सांगितलं, वर भाडेकरू दाखवलास तर तुझ्याच नावाचा वांधा होईल. सकाळी सर्व्हेवाला आला. दार, लांबी, रुंदी, रेशनकार्ड, सगळं झालं. मग त्यानं पेन वर करून विचारलं, "वर कोण राहतं?"

मी म्हणालो, "कोणी नाही. सामान आहे."

ती बाई शिडीवर उभी होती. तिनं ऐकलं. काही बोलली नाही. पोराला कडेवरून उतरवलं आणि वर गेली.

मला २२५ फुटांचं घर मिळालं, सातव्या मजल्यावर. लिफ्ट बंद असते. इमारती इतक्या खेटून की दुपारी बारा वाजता दिवा लावावा लागतो. माय त्या घरात तीन वर्षं जगली. खाली उतरायची नाही, म्हणायची, "हायवे बरा व्हता, निदान मानसं तरी दिसायची." ती बाई कुठं गेली, मला ठाऊक नाही. शोधायला पाहिजे होतं, मी शोधलं नाही. साहेबानं माझ्या बहिणीला बेसावध लिहिलं म्हणून मी जन्मभर त्याला शिव्या दिल्या. आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा मी जिवंत बाईला सामान म्हणालो. व्यवस्था, व्यवस्था म्हणून आपण बोटं दाखवतो. ती सकाळच्या वेळी आपल्याच तोंडातून बोलून जाते.

म्हणून तुम्हाला सांगायला आलो. सर्व्हेवाले येण्याआधी तुम्ही तुमचा सर्व्हे करा. दोनशे पानी वह्या घ्या. पोरापोरींच्या जोड्या करा, एका गल्लीला एक जोडी. घरात कोण राहतं, माळ्यावर कोण, मागच्या पडवीत कोण, किती वर्षं, काय काम करतं, पोरं कुठल्या शाळेत, सगळं लिहा. भाडेकरूचं नाव मालकाच्या नावाखाली लिहा, गाळू नका. वही विहारात मोठ्यानं वाचा, म्हणजे कुणाचं नाव राहिलं असेल तर तिथंच कळेल. कोऱ्या कागदावर सही करू नका. यादी मराठीत, भिंतीवर लावून मागा. रेघेचा नकाशा मागा, आणि विचारा, वळसा कुठून घालता येतो ते दाखवा. काहीही होत नाही असं कुणी म्हणालं तर सांगा, सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्याच्या विस्थापितांनी, दुकानदारांनी कागद गोळा करून जागतिक बँकेकडं तक्रार नेली, आणि मार्च २००६ मध्ये बँकेला काही महिने पैसा थांबवावा लागला. कागदाला कागदानं अडवता येतं, पण तो कागद खरा पाहिजे.

आणि रस्ता होईल तेव्हा होईल, आज ओलांडायची सोय मागा. तो लांबचा पूल शाळेच्या समोर पाहिजे. रस्ते हा शब्द घटनेत आहे. तो आपल्या पायांसाठीही आहे.

हे भांडण अवघड आहे. माळ्यावरच्याचं नाव लिहिलं तर खालच्याला भीती वाटणार, घरोघरी वाद होणार, नवराबायकोत होणार. सर्व्हेवाल्यांना तेच पाहिजे असतं, खालच्यानं वरच्याला विकावं. ह्या वादाला घाबरून वही अर्धी ठेवू नका. आपली अर्धी माणसं लपवून मिळवलेलं घर कसं असतं ते मला विचारा.

एका सकाळी तुमच्या दारात माणूस उभा राहील. त्याच्या हातात फॉर्म असेल. तो पेन वर करून विचारेल, वर कोण राहतं?

त्या वेळी नाव सांगा. पूर्ण नाव सांगा, पोरांची सांगा, गावाचं सांगा. आणि त्या माणसाला शिडीवरून खाली बोलवा, म्हणजे ते स्वतःच्या तोंडानं सांगतील.

जयभीम.